मढ, सप्तमी ते एकादशी

सप्तमी

कोळीवाड्यात माणसं घरी गाठायची तर वार बघून चालत नाही, तिथी बघावी लागते. मुंबईतल्या मढची बरीचशी मासेमारी डोलीची. डोल म्हणजे खुंटाला बांधून पाण्यात सोडलेलं लांबलचक जाळं, ते पाण्याच्या ओढीवर चालतं. पुनव-अवसेला उधाण, तेव्हा ओढ जोरात आणि गडी दर्यात. अष्टमीच्या मागेपुढे भांग. पाणी मंदावतं, डोलीचं तोंड धड उघडत नाही, बोटी खाडीत उभ्या राहतात आणि पुरुष अंगणात जाळी सांधत बसतात. म्हणून माणसांची मापं आणि ठसे घ्यायच्या आमच्या प्रकल्पासाठी मॅडमनी मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी निवडली. परवानगीच्या कागदांवर इंग्रजी तारखा होत्या, पण वेळापत्रक ठरलं ते तिथीवरून.

वर्सोव्याच्या जेट्टीवर आम्ही चौघं. मॅडम, त्यांचा एक विद्यार्थी, एक विद्यार्थिनी आणि मी. मी मॅडमची जुनी विद्यार्थिनी, सध्या उपनगरातल्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. माझं काम आकडे लिहून घेण्याचं. प्रकल्पाच्या नावात ‘बेटावरील लोकसमूह’ असे शब्द होते. शारीरिक लक्षणं आणि बोटांच्या ठशांचे नमुने नोंदवायचे आणि पुढे-मागे दुसऱ्या कोळीवाड्यांशी ताडून बघायचे, असा बेत.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा इथला जुना हिशेब. सप्तमीला सव्वापाच, म्हणजे सुकती, पूर्ण ओहोटी, सव्वाअकराला. आम्ही नेमके अकराला पोचलो. फेरीबोटीत मोटारसायकली, भाजीच्या पाट्या, शाळेतून लवकर सुटलेली पोरं आणि आमची लांब कॅनव्हासची पिशवी. पिशवीत उंची मोजायचा चार तुकड्यांचा दांडा होता. बोटीवरच्या पोराने विचारलं, “बंदूक हाय काय?” पलीकडचा किनारा हाक मारली तर ऐकू येईल इतका जवळ, तरी मध्ये खाडी आहेच. तसा मार्व्याकडून मढला डांबरी रस्ताही आहे. त्या रस्त्याने सिनेमा-मालिकांच्या शूटिंगच्या गाड्या बंगल्यांकडे जातात. तेव्हा हे बेट कितपत बेट, हा प्रश्न पाण्यात असतानाच मनात आला. त्याचं उत्तर दशमीला मिळालं.

संध्याकाळी सभागृहात जाणती मंडळी जमली. मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. रक्त काढणार नाही, सुई नाही, फक्त मापं आणि दहा बोटांचे ठसे. मापांना कुणाची हरकत नव्हती. ठशांचं नाव निघालं आणि खुर्च्या करकरल्या.

“आमचा आंगठा कशाला पायजे तुमाला?” एका जुन्या तांडेलाने, बोटीच्या म्होरक्याने, विचारलं. “आंगठा दिला का जागा गेली. आमच्या आज्याची गेली तशीच.”

दुसऱ्याने कोळीवाड्याच्या सीमांकनाचा विषय काढला. हद्द कुठवर धरणार, बोंबील वाळवायची मोकळी जागा त्यात येणार की नाही, हे वर्षानुवर्षं लोंबकळतंय, आणि अशात कोणी शहरातून येऊन कोऱ्या कागदावर बोटं टेकवा म्हणतो. मॅडमच्या विद्यार्थ्याला हे अडाणी भय वाटलं. मला तसं वाटलं नाही. भारतात ठशाचा सरकारी प्रवास सुरू झाला तोच मुळी करारापासून. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचा करार केला आणि राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराच्या हाताचा ठसा कागदामागे उमटवून घेतला. ओळख पटवण्याचं शास्त्र तेव्हा त्याच्याही डोक्यात नव्हतं. सही माझी नाही, असं म्हणायची कोनाईला धास्ती वाटावी, एवढाच हेतू. हे हर्शेलने स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. १८७७ मध्ये हुगळीला त्याने हीच युक्ती पेन्शन आणि दस्तनोंदणीला लावली. म्हणजे माणसाला कागदाशी बांधण्यासाठीच ठसा आला. तांडेल जे म्हणाला ते त्याच्या आज्याच्या अनुभवातून, पण इतिहासही त्याच्याच बाजूने उभा होता.

गंमत अशी की संमतिपत्राच्या तळाशी ‘सही / अंगठा’ अशी रेघ होती. ठसा घेऊ का, याला होकार द्यायचा तोही अंगठ्याने. तांडेलाने ते वाचून चष्मा काढला आणि नुसतं हसला.

तडजोड व्हायला दोन तास लागले. ठशाच्या कागदावर दहा चौकटी छापलेल्या असतील, उरलेल्या जागेवर आडव्या रेघा मारून ती बाद केलेली असेल, वर ‘फक्त अभ्यासासाठी’ असा ठळक मजकूर. नाव नाही, फक्त क्रमांक. नावांची वही वेगळी, ती मॅडमच्या कुलपात. ज्यांना सही येत नाही त्यांच्या वतीने घरचा साक्षीदार सही करेल. रात्री मालाडला जाऊन विद्यार्थ्याने नवे कागद छापून आणले.

अष्टमी

सकाळी सहाला भरती, पण कोणाला घाई नव्हती. पुरुषांची मापं आज. उंची सकाळीच घ्यायची, कारण दिवसभरात पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि माणूस सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खुजा होतो. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे मी वेळही लिहीत होते. टाचा भिंतीला, नजर समोर. कानाच्या छिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत यायला हवी. १८८४ मध्ये फ्रँकफर्टला शास्त्रज्ञांनी ही रेषा ठरवून घेतली, तीच अजून चालते. मान जराशी वर केली तरी आकडा बदलतो, आणि माप द्यायला उभा राहिलेला प्रत्येक माणूस मान वर करतोच.

मग डोकं. भुवयांमधल्या उंचवट्यापासून मागच्या सर्वांत दूरच्या बिंदूपर्यंत लांबी, कानांच्या वर सर्वांत जास्त रुंदी. रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणायचं. पंचाहत्तरच्या खाली लांब डोकं, ऐंशीच्या वर रुंद डोकं, मधलं मध्यम. कॅलिपरची वाकडी टोकं कपाळाला लागली की दर्यात वादळ झेललेले गडीही डोळे मिटून घेत होते. एकाने माप झाल्यावर हळूच विचारलं, “वरलीवाल्यांपरीस मोठा हाय का?” मी म्हटलं, वरळीची मापं अजून घेतलेली नाहीत. “मंग मोठाच असंल,” तो म्हणाला आणि बाहेरच्यांना तसं सांगूनही टाकलं.

या मापांचा इतिहास काही फार सोज्वळ नाही, आणि मॅडम विद्यार्थ्यांना तो सांगितल्याशिवाय कॅलिपर हातात देत नाहीत. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ली नाकाची रुंदी मोजायचा आणि जातीची पायरी नाकावरून ठरते असं म्हणायचा. त्याचेच आकडे घेऊन मुंबई विद्यापीठाच्या गोविंद सदाशिव घुर्यांनी १९३२ मध्ये दाखवलं, की उत्तरेतल्या एका पट्ट्याबाहेर हा नियम टिकत नाही. घुर्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे तर बर्लिनला थेट ऑयगेन फिशरच्या हाताखाली कवट्या मोजायला बसल्या. फिशर वंशश्रेष्ठत्ववादी, पुढे नाझींना जवळचा. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशावर अवलंबून असतो का, हा कर्व्यांचा विषय. कर्व्यांनी नाही असं उत्तर काढलं, आणि ते गुरूच्या तोंडावर मांडलं. नंतर त्यांनी महाराष्ट्रात गावोगाव फिरून माणसांची मापं घेतली, पण ती कोण वरचा ते ठरवायला नव्हेत. मला या शास्त्रात अजून काही शिल्लक आहे असं वाटतं ते अशा माणसांमुळे. मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआझने १९१२ मध्ये अमेरिकेतल्या जवळजवळ अठरा हजार स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची मापं छापली. डोक्याचा आकार एका पिढीत हलतो, असं त्याचं म्हणणं. किती हलतो यावर आजही वाद आहे. पण डोकं म्हणजे जातीचा शिक्का, ही समजूत तेव्हापासून खिळखिळी झाली.

दुपारी पोरं आली. जीभ गुंडाळता येते का, कानाची पाळी चिकटलेली की सुटी, अंगठा मागे किती वाकतो, हात गुंफल्यावर कुठला अंगठा वर. शाळेच्या पुस्तकांत अजून जीभ गुंडाळणं म्हणजे एका जनुकाचा खेळ असं शिकवतात. मीही वर्गात तेच पान उलटते, पण खाली टीप देते, की एकसारख्या जुळ्यांतही एकाला जमतं आणि एकाला नाही, हे १९५० च्या दशकातच दिसलं होतं. कानाच्या पाळीचंही तेच, तिच्यामागे डझनावारी जनुकं आहेत. त्या मानाने कडू कागदाची चाचणी खरी पक्की. फेनिलथायोकार्बामाइड लावलेली पट्टी जिभेवर ठेवली की काहींना काहीच लागत नाही आणि काहींचं तोंड वाकडं होतं. आर्थर फॉक्सच्या प्रयोगशाळेत १९३१ मध्ये भुकटी उडाली आणि शेजारच्याला ती कडू लागली, त्याला मात्र नाही, तिथून हे उघडकीला आलं. मढच्या पोरांनी या चाचणीवरून लगेच पैजा लावल्या. एक मुलगा कडू लागूनही न लागल्याचं नाटक करत राहिला, शेवटी डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा पकडला गेला. त्याची नोंद मी ‘कडू’ अशीच केली.

नवमी

आज बायका. या एका दिवसासाठी मी परत मढला जाईन.

सकाळी बाजार उरकून, दुपारी कोळंबी सोलून, मग त्या आल्या. हात धुऊन आल्या होत्या, तरी खोलीभर बर्फाचा आणि सोड्यांचा वास. विद्यार्थिनीने काचेवर शाई पसरली, रुळ फिरवला, पहिल्या मावशींचं बोट धरून नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गोल फिरवलं. कागदावर काळा डाग उमटला. रेघा नाहीत. दुसरं बोट, तोच प्रकार. शाई कमी केली, तेव्हा करडा डाग.

“नाय गावायचा,” मावशी म्हणाल्या. “रेशनच्या मशीनला पन नाय गावत. चार-चार येला दाबते, मंग तो बोलतो, मावशी सूनबायला पाठव.”

हात बघितले. पंचेचाळीस वर्षं कोळंबीची कवचं सोलली, बर्फ फोडला, मिठात बोंबील चोळले, सुक्या मासळीच्या करंड्या उचलल्या. बोटांची टोकं गुळगुळीत, मधून बारीक चिरा, अंगठ्यावर कवचाच्या काट्यांचे पांढरे वण. डाव्या हाताला जरा रेघा होत्या, उजव्याला जवळजवळ नाहीत.

रेघा गेल्या म्हणजे संपल्या असं नाही. त्वचेच्या वरच्या थरावर जे दिसतं त्याचा साचा खालच्या थरात असतो, तो शाबूत राहिला तर काम थांबल्यावर तीच नक्षी पुन्हा वर येते. एक काकी म्हणाल्या, जून-जुलैत बंदी असते, मासळी नसते, तेव्हा मशीन अंगठा घेतं, आणि नारळी पुनवेनंतर दोन महिन्यांत परत नाही म्हणतं. खोल जखमेने खालचा थरच फाटला तर मात्र वण कायमचा राहतो, आणि तो वणच मग ओळख होतो.

मॅडमनी शाई बाजूला सारली. मऊ पेन्सिलचं शिसं कागदावर घासून घासून काळा चौकोन केला, त्यावर बोट हलकेच फिरवलं, मग पारदर्शक चिकटपट्टी बोटावर दाबून उचलली आणि पांढऱ्या कागदावर चिकटवली. झिजलेल्या बोटांसाठी आणि तान्ह्या बाळांसाठी ही जुनी रीत. रेघा दिसल्या. फिकट, तुटक, पण दिसल्या. मावशींनी कागद खिडकीशी धरला.

“शंख का चक्र?”

शास्त्रात तीनच मुख्य घरं. एका बाजूने येऊन त्याच बाजूने परत वळणारा फास, तो शंख. गोल फिरणारा भोवरा, ते चक्र. आणि एका बाजूने येऊन दुसरीकडे निघून जाणारी कमान. जगात बहुतेक ठिकाणी फास सर्वांत जास्त, मग भोवरे, कमानी अगदी थोड्या. पूर्व आशियात भोवऱ्यांचं प्रमाण युरोपपेक्षा जास्त. मावशींच्या उजव्या अनामिकेवर स्वच्छ चक्र निघालं. त्यांनी ते सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाल्या, दहाच्या दहा चक्रं असलेला राजा होतो म्हणतात, माझं एक आहे म्हणून नवरा तरी तांडेल मिळाला. मग रांगच लागली. आधी जे ठसे देताना कुरकुर होती, ते आता कोणाची किती चक्रं याच्या चुरशीत घेतले गेले.

ही नक्षी कोण काढतं, हेही त्यांनी विचारलं. खरं उत्तर मोठं सुंदर आहे. दोन-अडीच महिन्यांच्या गर्भाच्या बोटांच्या टोकांना छोटे फुगवटे असतात. रेघा उमटायला लागतात तेव्हा फुगवटा उंच आणि गोल असेल तर भोवरा होतो, बसका असेल तर कमान, एका बाजूला कललेला असेल तर फास. २०२३ मध्ये एडिंबराच्या संशोधकांनी दाखवलं की रेघा बोटाच्या तीन जागांपासून निघतात आणि लाटांसारख्या पसरत एकमेकींना भिडतात. असे पट्टे रसायनांच्या चढाओढीतून आपोआप उमटू शकतात, हे गणित अॅलन ट्युरिंगने १९५२ मध्येच मांडलं होतं. म्हणून एकसारख्या जुळ्या भावंडांच्या रेघांची एकूण संख्या जवळपास सारखी येते, पण रेघ कुठे फुटली, कुठे तुटली, हे त्यांच्यातही जुळत नाही. पहिला भाग आनुवंशिकतेचा, दुसरा त्या त्या बोटाच्या नशिबाचा. मी हे लाटांचं सांगितलं तेव्हा एक काकी एवढंच म्हणाल्या, “मंग दर्याच हाय म्हना आत.” ती उपमा त्यांचीच, मी फक्त लिहून घेतली.

रात्री जेवायला ओले बोंबील तळून आणि जवळ्याची चटणी. विद्यार्थी कोकणस्थ शाकाहारी, तो डाळभातावर राहिला आणि त्यासाठी त्याला पोटभर चिडवलं गेलं.

दशमी

सकाळी रिक्षाने एरंगळ आणि भाटी ही जवळचीच गावं. एरंगळला समुद्राला लागून सोळाव्या शतकातलं सेंट बोनाव्हेंचरचं चर्च आहे, जानेवारीत तिथल्या जत्रेला ख्रिस्ती-हिंदू सगळे जातात. तिथे थोडाच वेळ थांबलो. भाटीला वंशावळी लिहायच्या होत्या.

आजी कुठली? खारदांड्याची. आई? वर्सोव्याची. सून? वरळीची, दुसरी वसईकडची. मुलगी दिली कुठे? माहीमला. पानामागून पान हेच. मढच्या वहीतही तेच होतं, पण तिथे आम्ही मापांच्या घाईत होतो, इथे ते ठळक झालं. इथल्या कोळ्यांची, म्हणजे सोनकोळ्यांची, सोयरीक जातीतच, पण शक्यतो गावाबाहेर. बायको होडीतून यायची, आता रिक्षातून येते.

बेटावरच्या माणसांचा अभ्यास करतात त्याचं कारण एकटेपणा. मायक्रोनेशियातल्या पिंगेलाप बेटावर १७७५ च्या सुमारास वादळ झालं, वीसेक माणसं उरली, आणि त्यांच्यातल्या एकाकडचा दोष पिढ्यानपिढ्या फिरत राहिला. जगात तीस-चाळीस हजारांत एकाला असणारं पूर्ण रंगांधत्व तिथे शंभरात काही जणांना आहे. दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन दा कुन्यावर १९६१ मध्ये ज्वालामुखी जागा झाला, सगळं गाव इंग्लंडला हलवलं, तिथल्या डॉक्टरांनी तपासलं तर दमा फार. तिथे अख्ख्या गावाचे मूळ पूर्वज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मढला यातलं काहीच नाही. इथल्या माणसांना बेट म्हणायचं, तर ते बेट कुलाब्यापासून वसईपर्यंतच्या सगळ्या कोळीवाड्यांचं मिळून होतं आणि त्याचा किनारा सोयरिकीचा आहे, पाण्याचा नाही. एकट्या मढचा नमुना घेऊन मढचं काही वेगळेपण सांगायला गेलं, तर ते पोकळ ठरेल.

मॅडमना हे पटलं. विद्यार्थ्याला पटायला वेळ लागला, कारण प्रकल्पाचं नाव मंजूर झालेलं होतं. भाटीच्या कट्ट्यावर बसून दोघांचा अर्धा तास वाद झाला. तो म्हणाला, फ्रान्सिस गाल्टनने १८९२ मध्ये ठशांत वंशांचा फरक शोधलाच होता ना? मॅडम म्हणाल्या, शोधला, आणि सापडला नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे छापलं. कुठलाच नमुना एका वंशाचा म्हणून दाखवता येत नाही, असं त्याचं शेवटचं म्हणणं. फरक असतो तो प्रमाणात, तोही मोठ्या समूहांत, आणि तो मोजायचा तर आधी समूह कुठे संपतो ते ठरवावं लागतं. शेवटी असं ठरलं, की पुढचा नमुना वरळी, खारदांडा आणि माहीमचा घ्यायचा आणि मढची वही त्यातला एक भाग म्हणून धरायची.

एकादशी

भांग संपत आला. पहाटेपासून बोटींवर डिझेल आणि बर्फ चढत होता. सभागृहात ज्यांची मापं राहिली होती त्यातले अर्धे आलेच नाहीत.

आम्ही टेबल खिडकीशी ओढून भिंगाखाली ठसे मोजत बसलो. फासाच्या मध्यापासून तिठ्यापर्यंत एक सरळ रेघ धरायची आणि तिला किती रेघा ओलांडतात ते सुईच्या टोकाने मोजायचं. तिठा म्हणजे जिथे तीन दिशांच्या रेघा भेटतात ती जागा. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आकडे जुळले तरच लिहायचं. शाईचे पुरुषांचे ठसे भराभर झाले. बायकांच्या चिकटपट्ट्यांवर मध्य दिसतो तर तिठा झिजलेला, तिठा दिसतो तर मधल्या रेघा तुटलेल्या. विद्यार्थिनीने विचारलं, हे वाचता न येणारे म्हणून काढून टाकायचे का? साधारण पद्धत तीच आहे. मॅडमनी नाही म्हटलं. बोट, हात, वय आणि किती वर्षं सोलायचं काम केलं, असा वेगळा तक्ता करायला सांगितला. वाचता न येणारे ठसे काढून टाकले तर उरलेल्या आकड्यांत कोळणी कमी आणि कोळी जास्त होतील, आणि मग त्यावरून बायका-पुरुषांतला फरक म्हणून जे छापलं जाईल ते निम्मं कोळंबीचं असेल.

दुपारी जेट्टीवर नवमीच्या मावशी भेटल्या. डोक्यावर पाटी, वर्सोव्याला निघालेल्या. चिकटपट्टीचा एक जादा कागद त्यांनी मागून घेतला होता, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचलेला. रेशनवाल्याला दाखवणार होत्या, रेघा आहेत म्हणून. मॅडमनी त्यांना सांगितलं, की त्याने काम होणार नाही, डोळ्यांच्या बुबुळांवरून किंवा मोबाईलवर येणाऱ्या आकड्यावरून ओळख पटवायची सोय मागा, आधार केंद्रात जाऊन बोटं पुन्हा नोंदवता येतात, आणि तेही जून-जुलैत जा. मावशींनी ते ऐकून घेतलं. कागद मात्र तसाच खोचून ठेवला.

उरलेल्या घरांसाठी वद्य अष्टमीला परत यायचं ठरलं आहे. त्या भांगात लग्नं बरीच आहेत, तेव्हा सकाळी नऊच्या आत मापं उरकावी लागतील.